जगायला गेलेल्यांचं वजन

‘शहर लागलं की माणूस अंग धरतो’, असं आपण सहज म्हणून जातो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे.

भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली की इथली कितीतरी वारली आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात. तेही स्थलांतरच. पण तिथे दिवसभर माती कालवायची, विटा थापायच्या, वाहायच्या आणि आठवड्याच्या खर्चीत भात-डाळ भागवायची. अशा कामात वजन घटतं. सोबतच्या लेकरांचं तर लवकर घटतं, कारण गावातल्या अंगणवाडीचा आहार मागेच राहतो. या माणसांना ‘शहरात जाऊन सुधारले’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गुजरातमधल्या उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत लागलेल्यांची गोष्ट निराळी. यंत्रापुढे पाळी भरायची, जाणं-येणं गाडीने. नांगरणी, लावणी, मोळ्या वाहणं सुटतं. ताटातून नागली, कडधान्यं, रानभाज्या, सुकी मासळी कमी होते. वडापाव, फरसाण आणि दिवसातून चार-पाच गोड चहा वाढतात. श्रम कमी झाले, तेल-साखर वाढली, की चरबी साठणारच.

त्यावर लोक म्हणतात, शहरात माणूस आळशी होतो. नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांत मात्र शहरात आलेल्यांच्या लठ्ठपणाचा आणि मधुमेहाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातून आलेले कामगार आणि गावीच राहिलेली त्यांची भावंडं यांची त्यात तुलना होती. गावातल्या पुरुषांत लठ्ठपणा 19 टक्के होता, तर स्थलांतरितांत जवळजवळ 38 टक्के. मधुमेहही दुपटीहून जास्त, 6.2 टक्क्यांच्या जागी 14.3. एकाच आईबापांच्या मुलांत एवढा फरक पडतो, तो स्वभावामुळे नव्हे. काम, प्रवास आणि खाणं बदलल्यामुळे.

‘वजन वाढलं म्हणजे कुपोषण गेलं’ हाही गैरसमजच. तेला-पिठाने पोट भरतं, लोह आणि प्रथिनं मिळत नाहीत. स्थूल बाईचं रक्त कमी असू शकतं.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘आदिवासी माणूस काटक, त्याला शुगर होत नाही.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गर्भातच उपासमार सोसलेलं शरीर पुढे थोडं जास्त मिळालं तरी चरबी साठवू लागतं आणि मधुमेहाचा धोका वाढतो. जिथे कमी वजनाची बाळं जन्मतात त्या पालघरमध्ये हे विसरून चालणार नाही. कुपोषित आईला आज मिळालेला चौरस आहार तिच्या मुलाला चाळिशीतल्या मधुमेहापासूनही वाचवू शकतो.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. कंबर मोजा: पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. कारखान्यात जाणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तिथे मोफत होते.