'आम्ही' की 'आपण'? इंग्रजीच्या 'वी'ला न जमणारी गोष्ट

परभणी स्टेशनवर कुणी म्हणालं, "आम्ही गंगाखेडला चाललोय", तर तुमचं तिकीट त्यात नाही. तोच माणूस "चला, आपण गंगाखेडला जाऊ" म्हणाला, की पिशवी उचला! इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच 'वी'. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे संदर्भावरून ताडायचं.

'आम्ही' प्राकृतातल्या 'अम्हे'वरून आलं. 'आपण'चं मूळ संस्कृत 'आत्मन्', म्हणजे स्वतः. संस्कृतात 'वयम्' एकटंच दोन्ही कामं करायचं. मग मराठीत हा भेद आला कुठून? बरेच अभ्यासक द्राविडी भाषांकडे बोट दाखवतात. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' अशी अगदी हीच जोडी आहे, आणि तेलंगण आपल्या परभणीपासून काही फार लांब नाही. (गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' आहेत बरं का.)

खरी गंमत 'आपण'ची. "आपण कधी आलात?" यात समोरचा पाहुणा, "आपण कधी आलो?" यात तुम्ही-मी दोघं. सगळा निकाल क्रियापदाच्या शेपटावर! शिवाय "आपण नाही बाबा असल्या भानगडीत पडत" म्हणणारा बहाद्दर फक्त स्वतःबद्दल बोलत असतो.

पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन भाषा बरीचशी इंग्रजी शब्दांवर उभी आहे. पण तिथल्या लोकांनी एकट्या 'वी'वर भागवलं नाही. 'यू' आणि 'मी' जोडून त्यांनी 'युमी' केलं: आपण. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर 'मिपेला'.