कंपनीचे इतिवृत्त कोणासाठी?

मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक एके काळी बँकेत नाहीतर सोन्यात असे; आज ती कंपन्यांच्या भागांतही गुंतू लागली आहे. ज्याने पैसा गुंतविला तो भागधारक कायद्याने कंपनीचा सभासद होय. परंतु त्या कंपनीच्या कारभाराची लेखी हकीकत पाहण्याचा आपला अधिकार किती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आणि ज्यांस ठाऊक असते तेही तो क्वचितच बजावतात.

2013 च्या कंपनी कायद्याचे 119 वे कलम याबाबतीत स्पष्ट आहे. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते नोंदणीकृत कार्यालयात ठेवावीत आणि कामाच्या प्रत्येक दिवशी निदान दोन तास ती कोणाही भागधारकास विनामूल्य पाहू द्यावीत, अशी त्याची आज्ञा आहे. नक्कल मागितल्यास ती कामाच्या सात दिवसांत दिली पाहिजे. तिचे शुल्क पानामागे 10 रुपयांहून अधिक घेता येत नाही. नकार दिल्यास कंपनीस 25,000 व प्रत्येक कसूरदार अधिकाऱ्यास 5,000 रुपये दंड आहे. इथवर कायद्यास नावे ठेवण्यास जागा नाही.

परंतु कारभाराचे बहुतेक निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत होतात, आणि त्या बैठकांची इतिवृत्ते पाहण्याचा अधिकार हा कायदा भागधारकास देत नाही. शिवाय सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातूनही कोणता मजकूर अप्रस्तुत, बदनामीकारक वा कंपनीच्या हितास बाधक म्हणून गाळावा, हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार 118 व्या कलमाने सभेच्या अध्यक्षांस दिला आहे. म्हणजे ज्यांच्या कारभारावर प्रश्न विचारावयाचा, त्यांच्याच हाती त्याची नोंद!

याउलट महाराष्ट्रातील सहकारी संस्थेच्या सभासदाची स्थिती पाहावी. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याचे 32 वे कलम त्यास सर्वसाधारण सभेबरोबरच समितीच्या बैठकींचीही इतिवृत्ते विनामूल्य पाहू देते. जो गृहस्थ आपल्या गृहनिर्माण संस्थेतील जिन्याच्या रंगकामावर समितीत काय ठरले ते वाचू शकतो, त्यालाच आपली पुंजी गुंतविलेल्या कंपनीच्या संचालकांनी काय ठरविले व कोणी विरोध केला, हे वाचता येऊ नये, ही विसंगती नव्हे काय?

व्यापारी गुपिते बाहेर पडतील, हा आक्षेप रास्त आहे. एक भाग विकत घेणारा प्रतिस्पर्धीही भागधारकच ठरतो. यास्तव मंडळाचे सारे दप्तर उघडावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु संचालकांचे मानधन आणि त्यांच्या आप्तसंबंधितांशी होणारे व्यवहार यांवरील ठराव, त्यांस झालेल्या विरोधाच्या नोंदीसह, दोन-तीन वर्षे लोटल्यावर भागधारकांस दाखविल्याने कोणते गुपित फुटणार आहे? कायद्यात तेवढी दुरुस्ती करणे सरकारास अवघड नाही.

तोवर भागधारकांनी हाती असलेला अधिकार तरी बजवावा. आपण सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात उतरला की नाही, एवढे जरी प्रत्येकाने कार्यालयात जाऊन पाहिले, तरी तो प्रश्न गाळण्यापूर्वी अध्यक्ष दोनदा विचार करतील.