रकाना जातीचा, आजार रक्ताचा

भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून इथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि टाउनशिपच्या सेक्टरांत मल्याळी, बंगाली, तेलुगू, मराठी कुटुंबं छत्तीसगडी माणसांच्या शेजारी नांदू लागली. आरोग्य संशोधनाच्या फॉर्मवर वंश, जात, जमात असे रकाने असतात. ते भरून नेमकं काय कळतं, हा प्रश्न अशा गावात टाळता येत नाही. त्या प्रश्नाचा कस लावणारा आजारही याच मुलुखातला आहे : सिकल सेल.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण ग्रेनाडाहून आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. पुढे अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ ठरला. तो गोऱ्या माणसात सापडला, तर त्याच्या पूर्वजांतच कुणी आफ्रिकी असणार, असा संशय घेतला जाई. १९४९ला लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं, तरी शिक्का पुसला गेला नाही. १९५२ला लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत हाच गुणधर्म आढळला, तेव्हा प्राचीन वंशांच्या स्थलांतराचे तर्क सुरू झाले. १९५८ला शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. विदर्भ आणि छत्तीसगड तेव्हापासून या नकाशावर आहेत.

हा गुणधर्म ठरावीक भागांतच का आढळतो, याचं खरं कारण दरम्यान पुढे आलं होतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ला दाखवलं, की सिकलचं एकच जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तिथे हे जनुक टिकलं : आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि आपल्याकडे. डास जात विचारून चावत नाही. जातीत लग्न करण्याच्या रिवाजाने मात्र हे जनुक काही समाजांत अधिक साठत गेलं. म्हणून छत्तीसगडात ते गोंडांत आहे, तसंच साहू, कुर्मी आणि सतनामी समाजांतही आहे. विदर्भात महार, तेली, कुणब्यांतही.

तरीही ‘आदिवासींचा आजार’ ही ओळख चिकटली. १ जुलै २०२३ला शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत उच्चाटन हे लक्ष्य आहे. भर आदिवासीबहुल भागांवर. शोध कुठून सुरू करायचा, यासाठी हे योग्यच. पण सेक्टरातल्या साहू कुटुंबातलं पोर वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, तर डॉक्टरांना सिकल सुचायला हवा. तो ठरेल इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासण्यांवर, आडनावावर नाही.

भारतीय सिकल सौम्य असतो, हाही असाच एक समज. दक्षिण गुजरातच्या आदिवासींत तो बहुधा सौम्य, विदर्भातल्या अनेक रुग्णांत मात्र चांगलाच उग्र दिसला. सिकलचं जनुक तेच. पण सोबतीचा अल्फा थॅलेसेमिया हा रक्तदोष, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण आणि मिळणारे उपचार यांनी फरक पडतो.

यंत्रांतही वंश दडलेला असतो. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये वंशानुसार ‘सामान्य’ मापं बसवलेली असत. माप मुळातच कमी धरलं, तर पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर काम करणाऱ्या कामगाराची धुळीने झालेली हानी त्यात लपून जाऊ शकते. अमेरिकेत मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या सूत्रातून वंश २०२१ला वगळला गेला, २०२३ला फुप्फुसांच्या मापांतूनही तो काढण्याची शिफारस झाली.

गटाचं नाव उपयोगी पडल्याचं उदाहरण पुण्याचं आहे. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की भारतीय बाळ वजनाने कमी, पण त्याच्या अंगात चरबी तुलनेने जास्त असते. ‘भारतीय’ या नावाने प्रश्न उभा केला. उत्तराचा शोध त्यांनी आईच्या पोषणात घेतला.

गटाकडे कसं पाहावं, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याकडून शिकता येतं. त्यांनी बर्लिनमध्ये, वंशशास्त्राच्या बालेकिल्ल्यात, कवट्या मोजल्या आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना हवा असलेला वांशिक निष्कर्ष दिला नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी जातींची मापं घेतली, पण प्रत्येक गटात रोटीबेटीचे व्यवहार कसे चालतात, हे तपासून. आजच्या संशोधकाने एवढं तरी करावं.

रकाना खोडून टाकणं हा उपाय नाही. जात विचारलीच नाही, तर कोणाला दवाखाना लांब पडतो, कोणाला सिकलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वेळेवर मिळत नाही, कोणाची सोयरीक ‘सिकलवाले’ म्हणून मोडते, हे कळणार कसं? मात्र जातीपुढे टक्केवारी लिहिणाऱ्याने तिचं कारणही शोधलं पाहिजे : मलेरिया, लग्नसंबंध, कुपोषण की भेदभाव. कारणाविना छापलेली टक्केवारी त्या समाजावर डाग लावते, आणि यादीबाहेरच्या रुग्णाचं निदान लांबवते.