स्पोर्ट्‌स मोटारगाडी, जुनी : घरगुती देखभाल व सुधारणा

वजनाने हलकी, जमिनीलगत बसणारी, बहुधा दोन आसनांची आणि प्रवासाच्या सोयीपेक्षा चालविण्याच्या आनंदाकडे अधिक लक्ष देऊन घडविलेली मोटारगाडी म्हणजे स्पोर्ट्‌स मोटारगाडी होय. अशा गाडीचे उत्पादन थांबून काही दशके लोटली म्हणजे ती रस्त्यावर चालू ठेवण्याचा भार बव्हंशी मालकावर येतो. हे काम घरच्या गॅरेजमध्ये कितपत करता येते, त्याचा क्रम कसा असावा आणि मूळ रचनेत बदल कोठवर करावेत, याचे विवेचन येथे एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या आधारे केले आहे.

एमजीबीचे उत्पादन ऑक्सफर्डजवळील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात झाले व ५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे चार सिलिंडरांचे १,७९८ घ.सेंमी. एंजिन हे ‘बी’ मालिकेतील आहे. भारतात दीर्घकाळ धावलेल्या अँबॅसडर गाडीचे १,४८९ घ.सेंमी. एंजिन याच मालिकेतील होते. त्यामुळे अँबॅसडरवर हात बसलेल्या आपल्याकडील जुन्या मिस्त्रीला एमजीबीचे एंजिन परके वाटू नये. दोन कार्ब्युरेटर, हाताने जुळविता येणाऱ्या झडपा, मोजक्या तारा आणि हात सहज शिरेल अशी एंजिनाभोवतीची जागा, यांमुळे नवशिक्याला शिकण्यास ही गाडी सोयीची आहे. तिचे बहुतेक सुटे भाग आजही नव्याने तयार केले जातात.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, ४० वर्षांहून जुन्या व ज्यांच्या रचनेत मोठे फेरफार झालेले नाहीत अशा गाड्यांना सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. तीत मालकाची सोय झाली हे खरे. परंतु त्रयस्थ परीक्षकाचा डोळाही त्यामुळे दूर झाला. तपासणी न करविणाऱ्याच्या बाबतीत गाडी रस्त्यावर नेण्याजोगी आहे किंवा नाही, हे आता तिची दुरुस्ती करणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून घरगुती कामाचा क्रम हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. आधी कवच, मग थांबविणारी व वळविणारी यंत्रणा, मग विद्युत् व्यवस्था आणि अखेरीस शक्तिवृद्धी, हा क्रम पाळावा. प्रत्यक्षात अनेकजण तो नेमका उलटा करतात. कारण वाढलेली शक्ती पहिल्याच फेरीत जाणवते, तर मजबूत झालेले कवच जाणवत नाही.

कवच व गंज : एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी सांगाडा-चौकट होती. एमजीबीत ती नाही. पत्र्याचे कवचच सर्व भार वाहते. वरचे छप्पर उघडे असल्याने कवचाचा ताठपणा मुख्यतः दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ तुळयांवर अवलंबून असतो. यांना सिल असे म्हणतात. प्रत्येक सिल पत्र्याच्या अनेक थरांची बनलेली असते आणि चिखल-पाणी साचून ती आतून गंजते. बाहेरचा रंग चकचकीत असताना आतला पत्रा बोटाने मोडावा इतका विरलेला असू शकतो. साधी परीक्षा अशी की, सिलखालील ठरावीक जागी जॅक लावून गाडी उचलताना दाराच्या मागील कडेची फट पाहावी. फट बदलू लागली किंवा दार अडकू लागले, तर तुळईतील बळ गेले आहे असे समजावे. गंजलेल्या तुळईवर नवा पत्रा जोडून वर लांबी भरण्याची व रंग देण्याची पद्धत फार रूढ आहे. ती दुरुस्ती नव्हे, केवळ झाकण आहे.

सिल बदलताना जुना पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे दांडे जोडून ती पक्की करणे आणि कवच सर्व बाजूंनी समपातळीत टेकविणे अत्यावश्यक असते. तसे न केल्यास गाडी मधोमध वाकते व नवी तुळई त्याच वाकलेल्या स्थितीत कायमची जोडली जाते. पुढे दारे कधीच नीट बसत नाहीत. वेल्डिंगचे हे काम नवशिक्याने स्वतः करू नये. मोजमापे घेणे, आतील सामान उतरविणे आणि काम झाल्यावर पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारणे एवढे त्याने अवश्य करावे. कवच दुरुस्तीपलीकडे गेले असल्यास पूर्ण नवे कवचही मिळू शकते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे जमवून १९८८ पासून एमजीबीची नवी कवचे बनविण्यास सुरुवात केली. उत्पादन बंद पडलेल्या गाडीच्या इतिहासात ही घटना लक्षणीय मानली जाते.

ब्रेक, सुकाणू व चाके : गाडीखाली शिरण्यापूर्वी ती सपाट, टणक जमिनीवर पक्क्या स्टँडवर ठेवावी व टेकलेल्या चाकांना ठोकळे लावावेत. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे.

एमजीबीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सुस्थितीत ते गाडीच्या वेगाला पुरेसे पडतात. बिघाड बहुधा द्रवात व रबरात असतो. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५° से.पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर द्रवात वाफ होऊन पायपट्टी तळाला जाते, त्याचे हे कारण होय. म्हणून दर दोन वर्षांनी सर्व द्रव बदलावा. जुन्या रबरी नळ्या बाहेरून धड दिसल्या, तरी आतून फुगून द्रवाची परतीची वाट अडवितात. मग पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांसाठी द्रवाचा एकच परिपथ असतो. एक नळी फुटली की पायब्रेक पूर्णपणे निकामी होतो. तेव्हा दुहेरी परिपथ बसविणे ही या गाडीतील सर्वांत मोलाची सुधारणा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

पुढील चाके ज्या उभ्या खिळींवर वळतात त्यांना सु. ५,००० किमी. धावेनंतर ग्रीस द्यावे लागते. नव्या गाड्यांत असे काही करावे लागत नसल्याने मालक हे हमखास विसरतात. तारांच्या आऱ्यांची चाके असल्यास मधल्या दातेरी तुंब्याची झीज पाहावी. तसेच डाव्या व उजव्या बाजूंचे आटे परस्परविरुद्ध असल्याने तुंबे एका बाजूचे दुसऱ्या बाजूस बसवू नयेत, कारण तसे केल्यास चालताना मधला नट आपोआप सैल होतो. टायरची नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने टणक होते. टायरवरील चार अंकी खूण आठवडा व वर्ष दर्शविते, उदा., २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा.

विद्युत् व्यवस्था : ल्यूकस कंपनीच्या विद्युत् सामग्रीची थट्टा हा जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांमधील नित्याचा विषय आहे. तथापि बहुतेक दोष सामग्रीचे नसून गंजलेल्या जोडांचे असतात. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक कवचाला जोडलेले असे, नंतरच्या गाड्यांत ऋण टोक. नवे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविण्यापूर्वी हे न पाहिल्यास ते जळून जाते.

पुढील दिव्यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. प्रत्येकी ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टला एकूण १० अँपिअर प्रवाह घेतात. हा सर्व प्रवाह जुन्या स्विचमधून व लांब तारांतून जातो. वाटेतील गंजलेल्या जोडांचा रोध केवळ ०·२ ओहम असला, तरी जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि तप्त तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेपेक्षा पुष्कळच वेगाने घटत असल्यामुळे तो निम्म्याच्या आसपास येतो. मालक मग अधिक वॉटचे दिवे बसवितो व स्विच वितळतो. योग्य उपाय म्हणजे जोड स्वच्छ करून दिव्यांसाठी रिले व स्वतंत्र फ्यूज बसविणे; मूळ रचनेत या दिव्यांना फ्यूज नव्हता. खर्च थोडा, मूळ तारा शाबूत, आणि रिले काढला की गाडी पूर्ववत्.

एंजिनाची जुळणी : थंड पाणी, स्वच्छ तेल, ताजा पट्टा यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. तेल मात्र २०डब्ल्यू-५० जातीचे व जस्त-फॉस्फरसयुक्त संयुगे पुरेशी असणारे घ्यावे. उत्प्रेरकाला अपाय होऊ नये म्हणून आधुनिक तेलांत ही संयुगे कमी केलेली असतात व त्यामुळे जुन्या पद्धतीचा कॅमदंड लवकर झिजू शकतो.

झडपांमधील मोकळीक ०·३८ मिमी. ठेवतात. आठ झडपांच्या या एंजिनासाठी ‘नऊचा नियम’ वापरतात : आठवी झडप पूर्ण उघडी असताना पहिली तपासावी, सातवी उघडी असताना दुसरी, याप्रमाणे दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ यावी. फीलर गेज किंचित अडखळत सरकले पाहिजे. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, बोटांतच यावा लागतो.

एसयू कार्ब्युरेटर हे या गाडीचे खरे सौंदर्य होय. त्यात एक दट्ट्या हवेच्या मागणीनुसार वरखाली होतो व त्याला जोडलेली निमुळती सुई इंधनाच्या छिद्राचे क्षेत्र कमीजास्त करते. म्हणून अनेक छिद्रांची गरजच उरत नाही. जुळविण्यापूर्वी झडपा व प्रज्वलन नीट असल्याची खात्री करावी. प्रथम रबरी नळीचे एक टोक कानाला व दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोन्ही कार्ब्युरेटरांतील सूं-सूं आवाज सारखा करावा. नंतर एकेक दट्ट्या सु. ०·८ मिमी. उचलावा. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात इंधन जास्त आहे, क्षणभर वाढून स्थिर झाला तर मिश्रण योग्य आहे, वेग पडला तर इंधन कमी आहे. दट्ट्याच्या वरील नळीतील तेल संपलेले असल्यास वेग वाढविताना एंजिन अडखळते. हा दोष कार्ब्युरेटर बदलण्याइतका गंभीर समजून पुष्कळांनी पैसे खर्चिले आहेत.

इंधनबदलाचा प्रश्न अलीकडचा आहे. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० पासून ब्रिटनमध्ये व भारतातही बंद झाली. शिशामुळे झडपांच्या बैठकांना मिळणारे संरक्षण गेल्याने दीर्घकाळ वेगाने चालणाऱ्या एंजिनात त्या झिजतात. उपाय म्हणजे कठीण पोलादाच्या बैठका बसविणे. हे काम कुशल यंत्रशाळेचे आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के व भारतात २०२५ पर्यंत २० टक्के एथेनॉल पेट्रोलमध्ये आले. ते जुने रबर मऊ करते व मिश्रणातील इंधनाचे प्रमाण तोकडे पाडते. म्हणून इंधननळ्या एथेनॉलरोधक बसवाव्यात व आवश्यक तर कार्ब्युरेटरच्या सुया बदलाव्यात. नळीची गळती तापलेल्या एंजिनावर होत असल्याने हे काम लांबणीवर टाकू नये.

सुधारणेची मर्यादा : बी मालिकेच्या एंजिनात चार सिलिंडरांना हवा पुरविणारी द्वारे दोनच आहेत. त्यामुळे शक्तिवाढीला निसर्गतःच बंधन आहे व सर्वाधिक लाभ सिलिंडर-शीर्षातील मार्ग तज्ञाकडून सुधारून घेण्यात असतो. अमेरिकेसाठीच्या १९७५ नंतरच्या गाड्यांत प्रदूषण नियमांमुळे एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर होता. तेथील मालक तो काढून एसयूची जोडी बसवितात, पण स्थानिक नियम तपासूनच ते करणे योग्य. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, पाच गतींची गिअरपेटी हेही प्रचलित बदल आहेत. मोठे एंजिन बसविण्याचा मोह अनेकांना होतो. कारखान्यानेच १९७३–७६ मध्ये ३,५२८ घ.सेंमी.चे व्ही-८ एंजिन असलेली एमजीबी जीटी काढली होती. परंतु कारखान्याने एंजिनाबरोबरच गाडीच्या इतर अंगांचाही विचार केला होता, हे घरी काम करणारे सहसा ध्यानात घेत नाहीत.

१९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांकरिता गाडीची उंची वाढविण्यात आली व काळे जाड बंपर आले. वळणावर गाडी अधिक कलू लागली. कारखान्याने १९७६ मध्ये पुढे व मागे कल रोखणारे पीळदांडे बसवून हा दोष बराच कमी केला. मधल्या काळातील गाडीवर तोच संच बसविणे ही उत्तम सुधारणा ठरते. याउलट, जुने भुजायुक्त धक्काशोषक काढून नळीच्या आकाराचे बसविण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला प्रस्तुत लेखकास पटत नाही. मूळ धक्काशोषक नीट दुरुस्त केल्यास रस्त्यावरील वापरासाठी फरक नगण्य राहतो, आणि कवचाला नवी छिद्रे पाडावी लागत नाहीत.

छिद्रांचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत वाहनाचा मूळ ऐवज जपण्यावर भर आहे. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून ठेवावा आणि केलेल्या कामाची तारीखवार वही ठेवावी. भारतात याला कायदेशीर महत्त्वही आले आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, ५० वर्षांहून जुने, बिगरव्यापारी आणि सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते व त्यास ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. व्ही-८ एंजिन बसविलेली एमजीबी या व्याख्येत बसणे कठीण. रिले, दुहेरी ब्रेक-परिपथ व एथेनॉलरोधक नळ्या बसविलेल्या गाडीचे सांगाडा, कवच व एंजिन मात्र जसेच्या तसे राहतात.