स्लॅबची तपासणी : संगणकावर आणि सेंट्रिंगवर



आपल्या नामपुरात आणि साऱ्या बागलाणात मातीच्या धाब्याची घरे जाऊन स्लॅबची घरे आली. धाब्याची तुळई लवली की कुरकुरे, वरची माती झडे, आणि घरधनी वेळीच खाली खांब देई. काँक्रीटचा स्लॅब इतका बोलका नाही. त्याची सळई पोटात झाकलेली असते. म्हणून तिची तपासणी आधीच करावी लागते, आणि हल्ली ती संगणकावर होते. ती कशी होते व कोठे थांबते, हे स्लॅब टाकणाऱ्या कामगाराने आणि त्याखाली झोपणाऱ्या गृहस्थाने, दोघांनीही जाणले पाहिजे.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण घेण्यासाठी सळई. खोलीवरच्या स्लॅबवर भार आला की मध्यभागी खालची बाजू ताणली जाते, म्हणून तेथे सळई खाली. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जाचे उलट. त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळई वर. ‘सेफ’ किंवा ‘ईटॅब्स’सारखी संगणक-प्रणाली स्लॅबचे लहान लहान चौकोन पाडते, प्रत्येक ठिकाणी तो किती वाकेल व किती ताण येईल याचे गणित करते आणि दर मीटरला किती सळई हवी ते सांगते.

या गणिताची साधी पडताळणी हातानेही होते. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोली घ्या. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो. फरशीचे १०० आणि माणसे-सामानाचे २०० धरले, तर बेरीज ६१२. बारा चौरस मीटरना साधारण ७,३५० किलो. यंत्राने भिंतींवर उतरवलेल्या भारांची बेरीज एवढीच आली पाहिजे. ती जुळली नाही, तर यंत्राला माहिती देताना कोठेतरी चूक झाली, हे शाळकरी पोरालाही कळेल.

वाकाचे माप जरा नाजूक आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत अखेरच्या वाकाची मर्यादा गाळ्याच्या २५० व्या भागाएवढी दिली आहे. तीन मीटरला ती १२ मिलिमीटर होते. परंतु यंत्राला नुसते विचारले, तर ते बहुधा न तडकलेल्या, ताज्या स्लॅबचा वाक सांगते. प्रत्यक्षात काँक्रीटला ताणाच्या बाजूस बारीक चिरा पडतात, ते आकसते आणि कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू लवत जाते. अखेरचा वाक पहिल्याच्या दोन-तीनपट, कधी त्याहूनही अधिक भरतो. तेव्हा कागदावरचा आकडा कोणत्या वाकाचा, हा प्रश्न अभियंत्याला विचारलाच पाहिजे.

आता सेंट्रिंगवर या. यंत्राने सज्जाची सळई वर धरून गणित केले. काँक्रीट ओतताना घमेलेवाल्यांची ये-जा त्याच सळईवरून होते. खाली चेअर नसतील, तर ती इंचभर दबते. खालच्या कडेपासून सळईपर्यंतची उपयोगी खोली १०० मिलिमीटर होती, ती ७५ उरते. ताकद जवळजवळ चतुर्थांशाने घटते आणि वाक सुमारे पावणेदोनपट होतो. संगणकाच्या कागदावर मात्र सारे ‘ठीक’ म्हणूनच उमटलेले राहते!

टेकूंचेही तसेच. त्याच मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास किमान ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस टेकू ठेवण्यास सांगितले आहे. आता दुकानात बहुधा राखमिश्रित सिमेंट मिळते. ते सावकाश बळ धरते, म्हणून त्याला अधिक मुदत हवी. भाड्याच्या प्लेटा लवकर परत करण्याच्या घाईत कच्चा स्लॅब उघडा पडतो, आणि त्याखाली पहिला उभा असतो तो प्लेटा काढणारा मजूर.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ तारखेच्या एका अपघातातच सात जीव गेले. अशा अपघातांची कारणे निरनिराळी असतात, पण अपघात झाल्यावर उघडी पडलेली सळई मोजून माणूस परत येत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, संगणकाची तपासणी जरूर करावी. पण ती नकाशाची तपासणी आहे, टाकलेल्या स्लॅबची नव्हे. नकाशाची प्रत बांधकामावर टांगलेली असावी. काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याने स्वतः सळईचा व्यास, अंतर, कव्हर ब्लॉक आणि चेअर पाहून सही करावी. ओतताना सळईवर चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात. टेकू काढण्याची तारीख लिहून ठेवावी. आणि यांतले एकही नसेल, तर फिटरने किंवा गवंड्याने ‘थांबा’ म्हणावे, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापली जाऊ नये. हा हक्क एकट्यादुकट्याला मिळत नाही. तो संघटनेनेच मिळवावा लागतो. घरधन्यांनी त्यात कामगाराच्या बाजूने उभे राहावे, कारण स्लॅब शेवटी त्यांच्याच डोक्यावर राहणार आहे.