घरातलं माणूस भ्रमात बोलू लागलं तर



कांद्याच्या पातीवर करप्याचा पहिला ठिपका दिसला की आपण दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेतो. सगळा वाफा जळेपर्यंत कुणी थांबत नाही. पण घरातल्या माणसाच्या मनाला रोग लागला तर वर्ष वर्ष, दोन दोन वर्षं निघून जातात. आधी अंगारा, मग देवऋषी, मग नवस, मग लग्न, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. तोवर एखादा एकर विकलेला असतो. उपचाराला जितका उशीर, तितकं माणूस पूर्ववत होणं अवघड, हे डॉक्टरांनी पाहून ठेवलेलं आहे. म्हणून या पानावर मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे : हा रोग लवकर कसा ओळखावा.

डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात, मराठीत तीव्र मनोविकार म्हणा. खरं काय आणि मनातलं काय, यातला बांधच फुटतो. याचे प्रकार अनेक आहेत. स्किझोफ्रेनिया हा त्यातला बहुतेकांनी नाव ऐकलेला. तो शंभरात साधारण एखाद्याला आयुष्यात केव्हा तरी होतो, म्हणजे बऱ्यापैकी वस्तीच्या प्रत्येक गावात असं घर असतंच. सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते, ऐन कामाच्या वयात. मेंदूतल्या रसायनांचं काम बिघडतं. कुणाच्या घराण्यात तो कल असतो, कुणाला गांजामुळे चालना मिळते. आई-बापाच्या वळणामुळे किंवा कुणाच्या करणीमुळे तो होत नाही.

आता खुणा पाहू. समजा, घरचा बावीस वर्षांचा मुलगा आहे. आरडाओरडा, कपडे फाडणं, दगड मारणं ही पहिली खूण नसते. बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ येतही नाही. पहिली खूण अगदी मुकी असते. झोप उडते. रात्री अंगणात येरझारा घालतो. मित्र तुटतात, पारावर जाणं बंद होतं. चार चार दिवस अंघोळ नाही. पाणी धरायला पाठवला तर मोटार चालू ठेवून बांधावर बसून राहतो, वाफा फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं तरी याला पत्ता नसतो. घरचे म्हणतात, आळशी झाला, नाहीतर प्रेमात पडला. दोन्ही शक्य आहे. पण असं काही आठवडे चाललं आणि आधी हा पोरगा असा नव्हता, तर लक्ष ठेवा.

पुढची खूण म्हणजे भास. एकटाच बसून कुणाशी तरी बोलतो, कारण नसताना हसतो, कान देऊन ऐकतो. त्याला आवाज ऐकू येतात. दोन माणसं आपल्याविषयी बोलताहेत, शिव्या देताहेत, कधी हुकूम सोडताहेत. हा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, पण त्याला तो तुमच्या माझ्या आवाजाइतकाच स्पष्ट ऐकू येतो. तो नाटक करत नाही, हे घरातल्या प्रत्येकानं मनावर कोरून घ्यावं.

आणि तिसरी खूण भ्रम. जेवणात विष घातलंय म्हणून ताट सारतो. मोबाईलमधून माझ्या मनातलं वाचतात म्हणतो. रेडिओवर निवेदक बिचारा कापसाचा भाव सांगत असतो, आणि याला वाटतं की त्यात आपल्यासाठी खूण ठेवली आहे. कधी उलटंही असतं : आपण मोठे अधिकारी आहोत, आपल्यात देवाची शक्ती आहे. बोलणंही सुटत जातं, एका वाक्याला दुसऱ्याचा मेळ नसतो.

इथं कुणी म्हणेल, भाऊबंदांचा संशय तर गावात सगळ्यांनाच असतो! खरं आहे. बांधावरून भांडणं खरीच होतात. मग भ्रम कसा ओळखावा? साधा संशय पुराव्यानं हलतो. तलाठ्यानं नकाशा दाखवला, चार माणसांनी समजावलं की थोडा तरी ढिला पडतो. भ्रम तसूभरही हलत नाही, उलट समजावणाराच कटात सामील ठरतो. आणि तो पसरत जातो : आज चुलतभाऊ, उद्या दूधवाला, परवा एसटीतला अनोळखी माणूस. त्याच्या जोडीला झोप, जेवण, कामधंदा बिघडलेला असतो. हे सगळं एकत्र दिसलं, तर रोगच समजा.

अंगात येण्याचंही तसंच. जत्रेत, नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येतं, तासाभरानं ती पाणी पिऊन पदर सावरते आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला जाते. तो हा रोग नव्हे. बारा महिने, देवळात आणि देवळाबाहेरही ज्याला आवाज सोडत नाहीत, त्याची गोष्ट वेगळी. लासूरच्या दाक्षायणीला नवस जरूर बोला, त्याला आमची ना नाही. पण नवस बोलून येताना दवाखान्याची चिठ्ठीही काढा.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. माणूस कालपर्यंत चांगला होता आणि काही तासांत किंवा एका रात्रीत बडबडू लागला, दिवस कोणता हेही त्याला कळेना, तर ते बहुधा वेगळंच काही असतं आणि जिवावरचं असू शकतं. फवारणी करून आला, घाम आणि लाळ गळते आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात : औषधाची विषबाधा. तोंड कोरडं, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या : धोतऱ्याचं बी पोटात गेलं असेल. रोजच्या पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली, दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, अंगावर किडे दिसतात : तोही दवाखान्याचाच रोगी. तापात बरळणं, मधुमेहाच्या माणसाची साखर उतरणं, हेही यातलंच. इथं उद्यावर ढकलू नका, त्याच घटकेला गाडी काढा. बाळंतिणीचं तर विशेष जपा. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडून ती भलतंसलतं बोलू लागली, बाळाविषयी विपरीत बोलली, तर तिला बाळासह एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘बाळंतिणीला बाहेरचं लागलं’ म्हणून खोलीत कोंडणं म्हणजे दोन जीव धोक्यात घालणं आहे.

घरी बोलावं कसं? वाद घालू नका, पण ‘हो, मलाही ऐकू येतंय’ असंही म्हणू नका. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय, झोप लागत नाही त्यासाठी डॉक्टरांना दाखवू,’ असं म्हटलं की पुष्कळ जण येतात. झोपेची तक्रार त्यालाही पटते. मरणाचं बोलला तर हसण्यावारी नेऊ नका. फवारणीची औषधं कुलपात घाला, किल्ली कंबरेला ठेवा. हे आजच करा, रोगी घरात असो वा नसो.

लग्नाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘दोनाचे चार हात झाले की सुधारेल’ असं म्हणून पोरगा उभा करतात आणि मुलीकडच्यांना काहीच सांगत नाहीत. लग्नाची दगदग, जागरणं आणि नवी जबाबदारी यांनी रोग उसळतो. शिवाय दुसऱ्याची लेक फसते ती वेगळीच. आधी उपचार करा, माणूस स्थिर होऊ द्या, मग खरं सांगून काय ते ठरवा.

मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं यांनी रोग जात नाही, माणूस मात्र जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मानसिक रुग्णाला साखळीनं बांधायला 2017 च्या केंद्रीय कायद्यानंही बंदी आहे. तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली. रोगी साखळदंडानं बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. पंचवीसहून जास्त माणसं जळून मेली.

उपचार आहेत का? आहेत. 1952 साली पॅरिसमध्ये या रोगावरचं पहिलं परिणामकारक औषध वापरात आलं, तेव्हापासून कोंडून ठेवण्याचे दिवस सरले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला सुस्ती येते, काहींचं अंग ताठ होतं, वजन वाढतं. ते डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतात. गोळ्यांची सवय लागते ही भीती खोटी. बरं वाटलं की आपण गोळी बंद करतो, आणि तिथंच रोग उलटतो. डॉक्टर म्हणतील तितके महिने, कधी वर्षानुवर्षं, गोळी चालू राहायला हवी. रोज गोळी घ्यायला तयार नसेल त्याला महिन्याकाठी एक याप्रमाणे इंजेक्शनही असतं. पुष्कळ जण कामाला लागतात, दूध घालतात, हिशेब ठेवतात.

ज्यांना वेळेवर कुणी नेलं नाही, ते घरातून निघून जातात आणि रेल्वेनं कुठल्या कुठे पोचतात. आपलं लासूर तर स्टेशनचंच गाव. फलाटावर जटा वाढलेला, एकट्यानं बडबडणारा परमुलखातला माणूस कुणी पाहिला नाही? तोही कुणाच्या तरी घरचा आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी अशाच लोकांसाठी 1988 मध्ये मुंबईत श्रद्धा फाउंडेशन काढलं, पुढे कर्जतला केंद्र उभं केलं. रस्त्यावरून उचलायचं, अंघोळ, जेवण, औषधं द्यायची, शुद्धीवर आला की गावाचं नाव विचारायचं आणि घरी पोचवायचं. 2018 मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं आपापल्या उंबऱ्याला परत लागली होती. असा माणूस दिसला तर दगड मारणाऱ्या पोरांना आवरा आणि पोलिसांना कळवा. त्याला ताब्यात घेऊन सरकारी दवाखान्यात पोचवणं, हे 2017 च्या कायद्यानं पोलिसांचं काम आहे.

आपल्या भागातून जायचं तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, नाहीतर सरळ संभाजीनगरला घाटी दवाखान्यात मानसोपचार विभागात जा. लासूरहून रेल्वे आहे, एसटी आहे. सकाळी लवकर निघा. रोज सोबत राहणारं माणूस बरोबर न्या, नुसता गावातला पुढारी नको. कागदावर लिहून न्या : झोप केव्हापासून गेली, आवाजाचं पहिल्यांदा केव्हा बोलला, नशापाणी काय, घराण्यात आधी कुणाला होतं का, आजवर कोणत्या गोळ्या दिल्या. गोळ्यांची रिकामी पाकिटंही पिशवीत टाका. आणि निघण्याआधी फोनवर विचारायचं असेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावा, मराठीत बोलता येतं.