कुवेतच्या उन्हात इंजिनाचा आकडा खरा किती? वाइडबँड सेन्सरची जोडणी आणि कॅलिब्रेशन

कुवेतच्या वायव्य भागातील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने छाननीनंतर ही नोंद मान्य केली आणि आशिया खंडातील ती सर्वोच्च ठरली. अशा उन्हात माणसाला सावली मिळू शकते. रस्त्यावरच्या इंजिनाला मात्र ती मिळत नाही. शुवैखच्या औद्योगिक वसाहतीतील गॅरेजांत इंजिनाचे ट्यूनिंग करणाऱ्यांचा खरा कस म्हणूनच उन्हाळ्यात लागतो. हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या वाळवंटी तंबूंच्या हंगामात, दहा अंश तापमानात उत्तम धावलेली गाडी जुलैत पन्नास अंशांवर त्याच नकाशावर धावेलच असे नाही.

येथे ‘नकाशा’ म्हणजे इंजिनाच्या ईसीयूमधील इंधनाचा तक्ता. किती फेऱ्यांना, किती दाबाला, किती पेट्रोल सोडायचे हे त्यात लिहिलेले असते. हा तक्ता बदलणे म्हणजे ट्यूनिंग, आणि बदल योग्य दिशेने होत आहे की नाही हे सांगणारा साक्षीदार म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला वाइडबँड सेन्सर. साक्षीदार खोटे बोलला, तर निकाल चुकतो. आखाती देशांत निसान पेट्रोलचे ४.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन टर्बो बसवून मूळच्या कितीतरी पट ताकदीला नेण्याचा शौक सर्वश्रुत आहे. तेथे चुकलेल्या निकालाची शिक्षा वितळलेल्या पिस्टनच्या रूपाने, आणि तीही काही सेकंदांत मिळते.

पेट्रोलचा एक किलो पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले की त्याला लॅम्डा १ म्हणतात. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’, हवा जास्त झाली की ‘लीन’. मराठी मेकॅनिकच्या तोंडीही हेच शब्द रुळले आहेत. पूर्ण जोर लावताना साधे इंजिन साधारण १२.५ ते १३ या प्रमाणावर, तर टर्बो असलेले ११.५ ते १२ वर चालवले जाते. जादा पेट्रोल येथे वाया जात नाही. त्याच्या बाष्पीभवनाने ज्वलनकक्षातील उष्णता उतरते आणि ठोका बसण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका कमी होतो. कुवेतच्या पंपांवर ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. मात्र ९८ ऑक्टेनचे पेट्रोल टाकले म्हणजे लीन मिश्रण माफ झाले, हा समज महागात पडतो.

कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत पूर्वापार असलेला ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही. बॉश कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला हा सेन्सर लॅम्डा १ च्या अलीकडे सुमारे ०.९ व्होल्ट आणि पलीकडे ०.१ व्होल्ट देतो. मध्ये जणू कडाच आहे. कड्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे तो सांगतो, किती दूर आहोत हे नाही. वाइडबँड सेन्सरमध्ये झिर्कोनियाच्या दोन पेशी असतात आणि त्यांच्या मध्ये एक सूक्ष्म पोकळी. पहिली पेशी त्या पोकळीतील स्थिती पाहते. दुसरी तेथे ऑक्सिजन पंपाने आत घेते किंवा बाहेर काढते. पोकळीत नेमका लॅम्डा १ राहावा, म्हणजे पहिल्या पेशीवर ०.४५ व्होल्ट दिसावा, यासाठी कंट्रोलर दुसऱ्या पेशीचा विद्युतप्रवाह कमी-जास्त करत राहतो. वाणी तागडीचा काटा मध्यावर येईपर्यंत वजने घालतो आणि काढतो, तसेच हे. मोजायचे ते वजनच: प्रवाह कोणत्या दिशेने आणि किती, यावरून मिश्रण कळते. हे सारे नीट चालण्यासाठी सेन्सर आतून सुमारे ७५० ते ७८० अंशांवर तापलेला लागतो. त्यासाठी त्यात स्वतःचा हीटर असतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे बहुतेक गोंधळाचे मूळ हाच हीटर आहे.

प्रथम जागा. सेन्सर सिलिंडरांच्या नळ्या एकत्र आल्यानंतर बसवावा. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे, कारण टर्बोआधीचा दाब आणि उष्णता दोन्ही मापन बिघडवतात. पाइपाकडे समोरून पाहिल्यास तो घड्याळातील दहा ते दोन या काट्यांच्या दरम्यान असावा, आडवा किंवा खाली तोंड करून नको. पाइपात साठलेला पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला की ते तडकते. कुवेतमध्ये पाणी कोठून, असे वाटेल. पण पेट्रोल जळताना पाणी तयार होतेच आणि थंड पहाटे ते पाइपात साचते. सेन्सरच्या आधी कोठे पाइप फुटका असेल किंवा गॅस्केट गळके असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज मिश्रण लीन असल्याचे सांगतो. गाडी मिसिंग मारत असेल तरीही तसेच होते: न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, न जळलेले पेट्रोल त्या मानाने फारसे दिसत नाही. अशा वेळी पेट्रोल वाढवत जाणे म्हणजे आजार एकीकडे आणि औषध भलतीकडे.

मग वायरिंग. सेन्सरच्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. प्रत्येक सेन्सर कारखान्यात मोजून त्याच्या मापाचा रेझिस्टर त्यात बसवलेला असतो. एका अर्थाने ते त्याचे जन्मपत्र. वायर लांब करायची म्हणून हे सॉकेट कापून दुसरे बसवले तर सेन्सरची ओळखच पुसली जाते. वायर वाढवायची असेल तर कंट्रोलरच्या बाजूने, त्यासाठीच बनवलेल्या केबलने वाढवावी.

कंट्रोलरला वीज इग्निशनच्या स्विचनंतर, स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी. इंजिन चालू असताना सेन्सर पाइपात आहे पण त्याचा हीटर बंद आहे, अशी वेळ येऊ देऊ नये. थंड सेन्सरवर काजळी चढते आणि तो लवकर मरतो. गेज जोडायचा राहिला असेल, तर सेन्सर काढून त्या जागी बोल्ट लावणे बरे.

आता अर्थिंग. या कामातील सर्वांत मोठी चूक येथे होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तापल्यानंतरही हीटर सुमारे एक अँपिअर प्रवाह घेतो, सुरुवातीला त्याहून बराच अधिक. कंट्रोलर ईसीयूला मिश्रणाचा आकडा व्होल्टच्या रूपात पाठवतो. प्रचलित कंट्रोलरांपैकी इनोव्हेट कंपनीच्या कंट्रोलरांत मूळ मांडणीनुसार शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९. म्हणजे एका व्होल्टला तीन अंकांचा फरक. कंट्रोलरची अर्थिंग एका ठिकाणी आणि ईसीयूची दुसऱ्या ठिकाणी असेल, तर दोन्हींचा ‘शून्य’ वेगळा असतो. रेडिएटरचे पंखे, एसीचा ब्लोअर, पेट्रोलचा पंप असे सगळे भार एकाच गंजक्या बोल्टवरून परतत असतील आणि त्यामुळे ईसीयूचा शून्य ०.२ व्होल्टने वर उचलला गेला असेल, तर खरे १२.५ असलेले मिश्रण लॅपटॉपवर ११.९ दिसते. ट्यून करणारा म्हणतो, पेट्रोल जास्त आहे, थोडे काढू. तो लॅपटॉपवर १२.५ आणतो, पाइपात तेव्हा १३.१ असते. पन्नास अंशांच्या उन्हात, टर्बोच्या दाबाखाली. कुवेतमध्ये पंखे आणि एसी कधीच बंद नसतात, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची.

उपाय स्वस्त आहे. कंट्रोलरच्या सिग्नलची अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर-अर्थिंगशी जोडावी आणि हीटरची अर्थिंग वेगळ्या, जाड वायरने इंजिन ब्लॉकला न्यावी. दोन्ही वेगळ्या देण्याची सोय कंट्रोलरमध्ये नसेल, तर ईसीयूची अर्थिंग जेथे लागते त्याच बोल्टवर त्याचीही लावावी. नंतर इंजिन चालू ठेवून, एसी, पंखे आणि दिवे लावून, मल्टिमीटरची एक काडी ईसीयूच्या अर्थिंगवर आणि दुसरी कंट्रोलरच्या अर्थिंगवर धरावी. वीस मिलिव्होल्टच्या आत आकडा असेल तर काम नीट झाले. कंट्रोलर आणि ईसीयू दोन्ही कॅनबसने बोलत असतील तर हा प्रश्नच उरत नाही, कारण तेथे व्होल्ट जात नाहीत, आकडाच जातो. पैसे असतील तर तो मार्ग धरावा.

कॅलिब्रेशन ही त्या मानाने शांत गोष्ट आहे, जरी चर्चा तिचीच जास्त होते. स्वच्छ हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, हे निसर्गाने दिलेले मोफत प्रमाण. बॉशच्या जुन्या ४.२ प्रकारच्या सेन्सरवर चालणाऱ्या कंट्रोलरांना हे प्रमाण दाखवून सेन्सरची झीज भरून काढावी लागते. नव्या ४.९ प्रकारात काही कंट्रोलर ते मागतात, काही कारखान्यातील रेझिस्टरवरच विसंबतात. यंत्राची पुस्तिका पाहावी. कृती साधी: सेन्सर पाइपातून पूर्ण काढायचा, मोकळ्या हवेत टांगायचा, पूर्ण तापू द्यायचा आणि मग बटण दाबायचे. पाइपातच ठेवून केलेले कॅलिब्रेशन हे कॅलिब्रेशन नव्हे. इंजिन रात्रभर बंद असले तरी पाइपात जुना धूर असतो. शेजारच्या खाडीत दुसरी गाडी चालू असलेल्या बंदिस्त गॅरेजातही ते करू नये.

हवेतील दमटपणाचाही येथे वाटा आहे, पण तो अतिशयोक्त करू नये. जून-जुलैत वायव्येकडून शमाल वाहतो तेव्हा कुवेतची हवा कोरडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्राकडून येणारा वारा रत्नागिरीच्या पावसाळ्याची आठवण करून देतो. अशा हवेत वाफ ऑक्सिजनची जागा घेते आणि २०.९ चे सुमारे २० टक्के उरतात. म्हणजे चूक चार टक्क्यांची. परंतु ती लॅम्डा १ पासूनच्या अंतरावर लागते: १२.५ वर तिचा परिणाम एका अंकाच्या दहाव्या भागाइतका. याउलट अर्थिंगची चूक सर्व ठिकाणी सारखी लागते. म्हणून कोरडा दिवस पाहून कॅलिब्रेशन करावे हे खरेच, पण आधी तो बोल्ट घासावा.

आकडा खरा झाला की कुवेतचा उन्हाळा त्यात दिसू लागतो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर अनेकदा तापलेल्या मॅनिफोल्डमध्येच असतो. गाडी सिग्नलला पाच मिनिटे उभी राहिली की तो धातूच्या उष्णतेने ७५ अंश दाखवू लागतो, जरी आत येणारी हवा ५० अंशांची असली तरी. ईसीयू समजतो की हवा विरळ आहे, आणि पेट्रोल सात टक्क्यांनी कमी करतो. हिरवा दिवा लागतो, पाय पूर्ण दाबला जातो, आणि १२.५ ऐवजी मिश्रण १३.५ वर जाते. काही सेकंदांत वाहत्या हवेने सेन्सर थंड होतो व सारे पूर्ववत होते, त्यामुळे वाइडबँड नसलेल्या गाडीत हा प्रकार कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्याच्याकडे विश्वासाचा आकडा आहे, तो तापमानाची दुरुस्ती सांगणारा तक्ता सौम्य करतो किंवा सेन्सर हवेच्या नळीत, थंड जागी हलवतो.

कुवेतमध्ये गाडी ट्यून करून सुट्टीत पुण्याला गेल्यावर तेथील गाडीवर तेच आकडे लावू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्याला पूर्ण जळण्यासाठी १४.७ नव्हे, सुमारे १३.५ पट हवा लागते. सेन्सरला मात्र ऑक्सिजनच दिसतो, पेट्रोल नाही. तो लॅम्डाच मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. गेजवर १४.७ दिसले तर मिश्रण तेथेही नेमकेच आहे. गेज लॅम्डामध्येच वाचण्याची सवय लावली तर हा घोळ होत नाही.

सेन्सर अजून धड आहे की नाही हे रोजच्या रोज, कोणतेही हत्यार न लावता पाहता येते. जहराकडे उतरणाऱ्या मुतलाच्या चढावरून खाली येताना गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढावा. ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि पाइपातून निव्वळ हवा जाऊ लागते. दोन-तीन सेकंदांत गेज लीनच्या शेवटच्या टोकाला टेकला पाहिजे. तो सतराअठरावरच रेंगाळला, तर आधी ईसीयूने पेट्रोल खरोखर बंद केले आहे का ते पाहावे. केले असेल, तर सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो झिजला आहे.